कोणत्या बैठकीतला मारवा?

वसंतराव देशपांडे यांचा मारवा ऐकल्याचं कुणी सांगितलं की मुरलेला रसिक लगेच विचारतो, "कोणत्या बैठकीतला?" राग तोच, गायकही तोच, पण दोन बैठकींत तो तसाच उतरला असेल तर शपथ. एखाद्या ध्वनिमुद्रणात आलाप निवांत पसरलेला असतो. एखाद्यात गाणं लवकर तानांवर येतं. एखाद्यात ऐन रंगात फीत संपते आणि पुढचं काय झालं ते कायमचं हरवतं. मग ज्याच्याकडे जी फीत, तिची तो बाजू लढवतो. हा वाद मराठी घरांतून निदान पन्नास वर्षं चालला आहे आणि तो मिटावा असं त्यातल्या कुणालाच वाटत नाही.

या वादात वऱ्हाडाचा हक्क जुना आहे. वसंतराव २ मे १९२० रोजी मूर्तिजापूरला जन्मले. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांची तालीम झाली. पुढे सुरेशबाबू माने, अमान अली खाँ आणि लाहोरचे असद अली खाँ अशा वेगवेगळ्या वळणांच्या गुरूंकडून त्यांनी घेतलं. असद अली खाँनी त्यांना फक्त मारवा शिकवला आणि आता तुला सगळं आलं म्हणून सांगितलं, ही हकीकत रसिकांना तोंडपाठ आहे. संरक्षण खात्याच्या लेखा विभागात नोकरी करत त्यांनी गाणं सांभाळलं. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आलं आणि त्यातल्या खाँसाहेबांच्या भूमिकेने वसंतरावांना घराघरांत नेलं. ते लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचेच. नाट्यपदं घरोघर पोहोचली, पण वसंतरावांच्या रागगायनाचा गाभा राहिला तो बैठकींत. ३० जुलै १९८३ ला ते गेले आणि नंतरच्या पिढीला ते भेटले ते मुख्यतः कुणीतरी कधीतरी केलेल्या ध्वनिमुद्रणांतून.

वऱ्हाडात वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगसारख्या गावात अशी बैठक पोहोचायची ती रेडिओवरून. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ च्या जुलैत सुरू झालं. १९५२ पासून शनिवारी रात्री अखिल भारतीय संगीत सभा प्रसारित होऊ लागली. त्या वेळी नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकर या मराठी मंत्र्याकडे होतं. त्यांनी चित्रपटगीतांना आडकाठी केली म्हणून त्यांच्यावर आजही टीका होते, पण खेड्यातल्या श्रोत्याला घरबसल्या तासभर ख्याल ऐकायला मिळाला तो याच काळात. मध्यम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर लांब जातात. त्यामुळे दिवसा न लागणारं केंद्र रात्री लागायचं, मधेच आवाज विरायचा, पुन्हा भरून यायचा. रेडिओला टेपरेकॉर्डर लावून घेतलेल्या त्या काळच्या फितींत हा चढउतार जसाच्या तसा उतरला आहे. शहरातला संग्राहक अशी फीत बाजूला ठेवतो. हे बरोबर नाही. कित्येकदा तेच गाणं दुसरीकडे कुठेही शिल्लक नसतं.

एकाच गाण्याची वेगवेगळी ध्वनिमुद्रणं जमवून ताडून पाहायचा हा नाद जगात सर्वात शिस्तीने जोपासला तो रॉक संगीताच्या चाहत्यांनी. डीप पर्पलच्या 'मेड इन जपान' या अल्बमसाठी १९७२ च्या १५ आणि १६ ऑगस्टला ओसाकात आणि १७ ला टोकियोत ध्वनिमुद्रण झालं. तीन रात्रींतून निवडक सात गाणी तेवढी बाहेर आली. बाकीचं कसं झालं असेल, या चर्चेत चाहत्यांनी वीस वर्षं काढली, तेव्हा कुठे १९९३ मध्ये तिन्ही रात्री जवळपास पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाल्या. ग्रेटफुल डेड या अमेरिकी बँडची गोष्ट याहून मोठी. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्यांनी सुमारे २,३०० कार्यक्रम केले. एकच गाणं आज आठ मिनिटं तर उद्या पंचवीस मिनिटं. चाहते मायक्रोफोन घेऊन येऊ लागले, तेव्हा बँडने त्यांना हुसकावलं नाही. १९८४ पासून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच ठेवली. अट एकच, विक्री करायची नाही. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेला त्यांचा कार्यक्रम सर्वोत्तम की निव्वळ गाजावाजा झालेला, यावर अजूनही खल चालतो. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय नोंदीत घेतलं आहे.

या बँडचा आपल्याकडच्या बैठकीशी धागाही आहे. त्यांचा ढोलवादक मिकी हार्ट अल्लारखाँच्या तबल्याने भारावला होता. अल्लारखाँचे चिरंजीव, माहीमचे झाकीर हुसेन, यांच्यासह त्याने १९७६ मध्ये 'दिगा' आणि १९९१ मध्ये ग्रॅमी मिळवणारा 'प्लॅनेट ड्रम' हे अल्बम केले. रोज नव्याने वाजवायचं आणि चाहत्यांनी ते टिपून ठेवायचं, ही सवय दोन्हीकडे एकाच भुकेतून आली.

आपल्याकडे ती भूक जागी व्हायला कारणही घडलं होतं. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गैसबर्गने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हापासून पन्नासेक वर्षं तव्याच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळत. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांनी त्या तीन मिनिटांत जे केलं ते अलौकिकच आहे. पण बालगंधर्वांचं एकेक पद रंगमंचावर 'वन्समोअर' घेत रात्रभर कसं वाढत जाई, हे त्या तव्यांवरून कळत नाही. पुढे लाँगप्ले तबकडी आली आणि बाजू वीसेक मिनिटांची झाली. स्पूलवरची टेप आली तेव्हा मात्र पहिल्यांदाच बैठक तिच्या मूळ लांबीत घरी नेता आली. बाराशे फुटांचं स्पूल सेकंदाला पावणेचार इंच या गतीने चालवलं तर चौसष्ट मिनिटं मिळतात. तेवढ्यात एक बडा ख्याल पूर्ण बसतो.

तुलनेचा खरा आनंद इथून सुरू होतो आणि तो गायकागणिक वेगळा असतो. भीमसेन जोशींच्या बाबतीत चर्चा आवाजाच्या वयाची असते. साठच्या दशकातला सळसळता, कुठेही झेप घेणारा आवाज हवा की ऐंशीच्या दशकातला, कमी हालचालीत स्वर भरून टाकणारा? एकाच यमनाच्या किंवा शुद्ध कल्याणच्या वीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन फिती शेजारी ठेवल्या की एका माणसाचं आयुष्यच समोर उलगडतं. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या बाबतीत दुर्मीळ रागांची मोजदाद होते. ते धारवाड आकाशवाणीवर सल्लागार होते, त्यामुळे सीमाभागातल्या रसिकांकडे त्यांच्या प्रसारणांचा साठा चांगला. किशोरी आमोणकरांची भूपाची तबकडी इतकी लोकप्रिय झाली की तीच प्रमाण मानून लोक त्यांची प्रत्येक बैठक तिच्याशी ताडून पाहू लागले. या सवयीने नुकसान झालं आहे. किशोरीताई बैठकीत सुरुवातीला स्वर चाचपत, अस्वस्थपणे शोधत, आणि मग अचानक वाट सापडे. तबकडीत तो शोध नसतो, सापडलेलं तेवढं असतं.

कुमार गंधर्वांपाशी मात्र हे गणितच उलटतं. क्षयामुळे त्यांचं एक फुफ्फुस निकामी झालं. १९४८ पासून देवासला राहून, काही वर्षं सक्तीच्या मौनात काढून ते पुन्हा गायला उभे राहिले. राग अर्ध्या तासात, आखीव आणि धारदार मांडावा हा त्यांचा कल होता. त्यामुळे तबकडीच्या वीस मिनिटांत त्यांची कुचंबणा होत नाही. तरीही त्यांच्या बैठकींच्या फिती जिवापाड जपल्या जातात, कारण बंदिश तीच ठेवून ते मुखड्याचं वजन हलवतात. समेवर येण्याआधीची एक मात्रा एका ठिकाणी दाबलेली, दुसऱ्या ठिकाणी मोकळी सोडलेली. ज्याने त्यांची एकच फीत ऐकली त्याला हे वळण म्हणजेच बंदिश वाटते. तिसरी फीत ऐकल्यावर ध्यानात येतं की ते त्या संध्याकाळचं सुचणं होतं.

तुलना करणाऱ्याला यंत्राचीही जाण लागते. कॅसेट नव्वद मिनिटांची असली तरी एका बाजूला पंचेचाळीस. बाजू उलटायला दहा-पंधरा सेकंद जातात आणि नेमकी तेवढ्यात तिहाई पडून समेला 'वाहवा' उठलेली असते. फितीत ऐकू येतं ते इतकंच: अर्धी तान, खट्ट असा आवाज, आणि लगेच दादेचं शेपूट. दुसरी अडचण गतीची. मुद्रण करताना बॅटरी उतरलेली असली तर यंत्र मंद फिरतं, आणि तीच फीत नीट यंत्रावर लावली की गाणं चढ्या पट्टीत, घाईघाईने वाजतं. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू आला तर गती जवळपास सहा टक्के वाढलेली असते, म्हणजे तासाची बैठक साडेछपन्न मिनिटांत उरकते. 'त्या दिवशी काय जोरकस ताना घेतल्या!' असं कौतुक ऐकलेल्या काही फितींचं रहस्य इतकंच असतं. तंबोऱ्याचा षड्ज गायकाच्या नेहमीच्या पट्टीशी जुळवून पाहिल्याशिवाय दोन फितींची तुलना करूच नये.

बैठकींचं रूपही बदललं. सवाई गंधर्वांच्या निधनानंतर १९५३ मध्ये पुण्यात सुरू झालेला महोत्सव पूर्वी रमणबागेच्या पटांगणात रात्रभर चाले. शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीतली ध्वनिमुद्रिका लावून समारोप करायची तिथली प्रथा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद केले. वर्षातले मोजके दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. शेजारपाजारच्यांची झोप महत्त्वाची आहेच, पण मध्यरात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललत त्या त्या वेळी, हजारो माणसांसमोर गायलेला ऐकायचा असेल तर आता जुन्या ध्वनिमुद्रणांशिवाय मार्ग नाही.

म्हणूनच आपल्या रसिकांची एक उणीव फार सलते. ग्रेटफुल डेडच्या चाहत्यांनी प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, गाव आणि गाण्यांचा क्रम लिहून ठेवला आणि १९८७ मध्ये 'डेडबेस' नावाची जाडजूड सूचीच छापली. आपल्याकडे डबीवर 'कुमार, भीमपलास' एवढंच. साल नाही, गाव नाही, साथीदार नाहीत. १९०२ ची गौहरजान गाणं संपताच स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची, कारण तवा जर्मनीतल्या हानोवरला छापला जायचा आणि तिथल्या कामगारांना चिठ्ठी कुणाच्या नावाची लावायची ते कळायला हवं. व्यवहारासाठी सांगितलेलं ते नाव आज इतिहासाचा पुरावा ठरलं आहे. बैठकीच्या फितींना तेवढाही आधार नाही. मोबाइलवरून फिरताना तर उरलंसुरलं नावही गळतं आणि एका गायकाचं गाणं दुसऱ्याच्या नावावर खपतं.

काम करणारी माणसं नाहीत असं नाही. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने सुरेश चांदवणकरांच्या धडपडीतून जुन्या तव्यांच्या तपशीलवार याद्या प्रसिद्ध केल्या. कुमारांचे शिष्य सत्यशील देशपांडे यांनी 'संवाद फाउंडेशन'मधून बुजुर्ग गायकांचं गाणं आणि बोलणं मुद्रित करून ठेवलं. एनसीपीएचा संग्रह आहे, आकाशवाणीचा आहे. पण घराघरांतल्या फिती या संस्थांच्या कक्षेबाहेर आहेत. दमट हवेत चुंबकीय थर चिकट होतो, बुरशी धरते. ज्याने मुद्रण केलं त्याच्या डोक्यातलं साल आणि गाव त्याच्याबरोबर जातं.

कलावंताच्या संमतीचा प्रश्नही टाळता येत नाही. केसरबाई केरकर आपल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाबाबत अतिशय कडक होत्या. त्यांच्या बैठकींच्या फिती म्हणूनच फार थोड्या. गंमत अशी, की त्यांचीच साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली आणि दुसरं यान झेपावल्यानंतर काही दिवसांतच, १६ सप्टेंबरला, त्या वारल्या. कॉपीराइट कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीतून सादरकर्त्याला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिला आणि १९९९ मध्ये त्याची मुदत पन्नास वर्षं केली. खासगी ऐकण्याला कायद्यात जागा आहे, धंद्याला नाही. रसिकांनी ही रेषा बहुतेक पाळली. फिती एकमेकांना दिल्या, विकल्या नाहीत.

आता पुन्हा मारव्याकडे. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, आणि षड्ज सतत लांबणीवर टाकलेला. सूर्यास्ताचा हा राग श्रोत्याला घराबाहेर उभं करतो. अमीर खाँ यांची मारवा-दरबारीची लाँगप्ले तबकडी १९६० पासून या रागाचा मानदंड आहे. झूमऱ्याच्या लयीत एकेक स्वर उलगडत जाणारं ते गाणं तबकडीवरच पूर्ण होतं, त्याला दुसरी प्रत लागत नाही. वसंतरावांचा मारवा तसा नाही. तो दर वेळी वेगळ्या दारातून शिरतो, मधेच उसळतो, सरगमीने अंगावर येतो आणि षड्जाला नुसता स्पर्श करून पुन्हा निघतो. त्यातला एक निवडायची वेळ आली तर बहुतेक जण ज्यात ताना सर्वात लखलखीत आहेत तो निवडतात. या लेखकाचा कौल ज्यात पहिला षड्ज सर्वात उशिरा येतो त्या फितीला आहे, मग तिचा शेवट कापला गेलेला असला तरी चालेल. ताना त्यांच्या प्रत्येक फितीत भरपूर आहेत. इतका वेळ धीर धरणारे वसंतराव क्वचितच सापडतात.