दिवेवाल्या बाईची वही

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हाती दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. मला मात्र या बाईच्या दिव्यापेक्षा तिच्या वहीचे कौतुक अधिक वाटते.

क्रिमियाच्या युद्धात, 1854 च्या नोव्हेंबरात, ती 38 परिचारिकांसह स्कुटारीच्या इस्पितळात पोचली. फेब्रुवारी 1855 मध्ये तेथे दर हजारी 427 रुग्ण दगावत होते. मार्चमध्ये आरोग्य आयोग आला, गटारे उपसली गेली, आणि जूनमध्ये तोच आकडा 22 वर आला! लढाई संपल्यावर विल्यम फार या संख्यापंडिताबरोबर तिने ही कोष्टके मांडली, तेव्हा शिपायांचा खरा वैरी घाण हाच होता, हे तिला पुरते उमगले.

पण आकड्यांची खरी कसोटी पुढेच लागायची होती. तिच्या नावे जमलेल्या निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात सुइणींना शिकवण्यासाठी एक बाळंतिणींचा कक्ष उघडला होता. हेतू उत्तम, देखरेख चोख. तरीही सूतिकाज्वर शिरला आणि बायका मरू लागल्या. 1867 मध्ये कक्ष बंद झाला.

दुसरी एखादी दैवाला बोल लावून मोकळी झाली असती. या बाईने देशोदेशींचे आकडे गोळा केले आणि 1871 मध्ये पुस्तक काढले. त्यात ल फॉर या फ्रेंच डॉक्टरने जमवलेली लाखो बाळंतपणांची मोजदादही होती: सूतिकागृहांत दर हजारी 34 मृत्यू, घरी मात्र सुमारे पाच!

चाणाक्ष वाचक म्हणेल, इस्पितळात गरीब, अशक्त बायकाच येत असतील. शंका रास्त आहे. पण तिने दरिद्री लोकांच्या सरकारी आश्रयगृहांचेही आकडे पाहिले. तिथल्या बायकांइतक्या हलाखीच्या दुसऱ्या कोण? आणि तरी तेथे मृत्यू मोठ्या सूतिकागृहांपेक्षा कमीच! म्हणजे दोष गरिबीचा नव्हे, एकत्र गर्दी करण्याचा आणि शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा. गंमत अशी की, रोगजंतूंची कल्पना तिला त्या काळी फारशी पटलेली नव्हती. आकड्यांनीच तिला योग्य दाराशी आणून सोडले.

(हे वाचून कुणी सुनेचे बाळंतपण घरी करण्याचा घाट घालू नये. तो हिशेब तेव्हाचा. हात धुणे आणि औषधे यांनी तो पार पालटला आहे.)

आजच्या मोठ्या इस्पितळांत संसर्ग रोखण्यासाठी खास परिचारिका असते. किती रुग्णांना मूत्रनलिका किंवा शिरेतली नळी लावली आहे, याची नोंद ती रोज करते आणि दर हजार नळी-दिवसांमागे किती संसर्ग झाले, ते काढते. एका कक्षात तीन आणि दुसऱ्यात सहा संसर्ग झाले, एवढ्यावरून दुसरा कक्ष गलिच्छ ठरत नाही. तिथे नळ्याच तिप्पट असतील तर तोच अधिक सुरक्षित. म्हणून ज्या दिवशी कुणालाही ताप आला नाही, त्या दिवशीही तिला वही भरावीच लागते.