पासिंगचा खर्च आणि विम्याचा कागद : घेण्याआधी हिशेब मांडा

आपल्या समाजातली कितीतरी घरे चाकांवर चालतात. भिवंडीत टेम्पो, मिरजेत रिक्षा, मालेगावात मालाची गाडी, कोकणात प्रवासी जीप. अशा घरात दोन तारखांची धास्ती असते. एक कर्जाच्या हप्त्याची आणि दुसरी पासिंगची. पासिंग जवळ आले की गॅरेजचे बिल, आरटीओची फी आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेली कमाई, तिन्ही एकदम अंगावर येतात. याच धास्तीचा फायदा घेऊन काही कागद विकले जातात. शोरूममध्ये, फायनान्सच्या टेबलावर किंवा फोनवरून सांगितले जाते, "थोडे पैसे भरा, दुरुस्तीची चिंता आमच्यावर सोडा." घरखर्चातून काटकसर करून हे पैसे भरावेत का, याचा विचार आम्ही येथे वाचकांसमोर मांडत आहोत.

पासिंग म्हणजे नेमके काय?

रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांसारख्या धंद्याच्या गाड्यांना फिटनेस प्रमाणपत्र लागते. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नवे करून घ्यावे लागते. घरगुती मोटार आणि दुचाकी यांची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते. गाडीचे वय वाढते तशी फीही वाढते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुन्हा करण्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली.

तपासणीत ब्रेक, हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, टायर, स्टिअरिंग, रिफ्लेक्टर, नंबरप्लेट, धूर हे सारे पाहिले जाते. रिक्षा असेल तर मीटरही. विमा आणि पीयूसी चालू असावी लागते. मुदत टळली तर दिवसाला ५० रुपये जादा फीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध महाराष्ट्रातल्या रिक्षाचालकांनी आंदोलन केले होते. पासिंग नसताना गाडी रस्त्यावर आणली तर दंड होतोच, शिवाय अपघात झाल्यास विम्याचा दावाही वादात सापडतो. म्हणून पासिंग टाळणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

चार कागद, चार अर्थ

आपल्याकडे लोक सगळ्याच कागदांना 'इन्शुरन्स' म्हणतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

पहिला कागद थर्ड पार्टी विम्याचा. तो कायद्याने सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल, त्यासाठी तो आहे. आपल्या गाडीच्या दुरुस्तीला त्यातून एक रुपयाही मिळत नाही.

दुसरा कागद फुल इन्शुरन्सचा. अपघात, आग, चोरी, पूर यांत आपल्या गाडीचे झालेले नुकसान त्यातून मिळते. पण वापरून झिजलेला भाग आणि चालता चालता आलेला यांत्रिक बिघाड त्यात धरत नाहीत. पासिंगला गाडी नापास होते ती बहुतेक अशा झिजेमुळेच. झिजलेले ब्रेक लायनर, गुळगुळीत टायर, ढिले स्टिअरिंग यांचा खर्च 'फुल' विमा देत नाही. हे नाव ऐकून फसू नये. अपघाताच्या दाव्यातही रबर, प्लास्टिक आणि बॅटरी यांची किंमत साधारणतः निम्मीच धरली जाते. ती कपात टाळण्यासाठी 'झिरो डेप' नावाची जोड विकतात, पण तीही अपघातापुरतीच.

तिसरा कागद एक्सटेंडेड वॉरंटीचा. कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर पुढची काही वर्षे ठराविक भागांचा बिघाड यात भरून मिळतो. चौथा कागद वार्षिक देखभाल कराराचा. त्यात ठरलेल्या वेळी ठरलेली सर्व्हिसिंग होते.

खास तपासणीसाठीचा विमा ब्रिटनमध्ये विकला जातो. तिथे १९६० पासून गाड्यांची सरकारी तपासणी होते. तिला एमओटी म्हणतात. गाडी तीन वर्षांची झाली की ती दरवर्षी करावी लागते. कोकणातून तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांना ती चांगली परिचयाची आहे. मोटारीच्या तपासणीची फी जास्तीत जास्त ५४ पौंड ८५ पेन्स आहे. पण गाडी नापास झाली तर दुरुस्तीचे बिल किती येईल याला मर्यादा नाही, म्हणून तिथे दुरुस्तीचा विमा विकतात. तिथेही अशा विम्यात दुरुस्तीच्या खर्चाला कमाल मर्यादा असते आणि टायरसारख्या लवकर झिजणाऱ्या वस्तू सहसा वगळलेल्या असतात. म्हणजे देश बदलला तरी या धंद्याचे गणित फारसे बदलत नाही.

आता हिशेब

समजा, घरात नऊ वर्षांचा टेम्पो आहे. दुरुस्तीच्या एका कराराचे वर्षाला ६,००० रुपये मागितले आहेत. कमाल भरपाई २०,००० रुपये आणि प्रत्येक दाव्यातले पहिले १,५०० रुपये आपले.

तीन वर्षांत गॅरेजची बिले ८,०००, १३,००० आणि ६,००० रुपये झाली. एकूण २७,०००. यातून टायर, ब्रेक लायनर, क्लच प्लेट, बल्ब, पत्राकाम, रंगकाम वगळले तर करारात बसणारी रक्कम पहिल्या वर्षी २,०००, दुसऱ्या वर्षी ७,००० आणि तिसऱ्या वर्षी १,००० उरली. आपले १,५०० वजा जाता हाती आले ५००, ५,५०० आणि शून्य. तीन वर्षांत भरले १८,०००, मिळाले ६,०००. करार नसता तर २७,००० रुपये गेले असते. करार घेऊन ३९,००० गेले.

याची दुसरी बाजूही पाहू. दुसऱ्या वर्षी गिअरबॉक्सच बसला आणि करारात बसणारे काम २०,००० रुपयांचे निघाले, तर त्या वर्षी १८,५०० मिळाले असते. म्हणजे तीन वर्षांत १८,००० भरून १९,००० परत. मोठा बिघाड होऊनही जेमतेम बरोबरी. शिवाय गाडी आठवडाभर गॅरेजमध्ये उभी राहिली, त्या दिवसांची कमाई करारातून मिळत नाही.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपले आकडे आपणच घाला. गेल्या तीन वर्षांची बिले काढा, कराराची वगळलेल्या वस्तूंची यादी शेजारी ठेवा आणि बसणाऱ्या कामावर खूण करा. मुलगा-मुलगी दहावीत असतील तर त्यांना बेरीज करायला बसवा. घराचा व्यवहार त्यांनाही कळेल.

कोणाला परवडते?

असा कागद प्रत्येकाला निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. गाडी नवी आहे, ऑटोमॅटिक गिअर आणि महागडे इलेक्ट्रॉनिक भाग आहेत, एक भाग बदलायला महिन्याच्या पगाराएवढा खर्च येतो आणि गाडी पाच-सहा वर्षे ठेवायची आहे, अशा घराला गाडी बनवणाऱ्या कंपनीचीच एक्सटेंडेड वॉरंटी उपयोगी पडू शकते. मात्र घरगुती म्हणून नोंदलेली गाडी भाड्याने फिरवत असाल तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. जुन्या रिक्षा-टेम्पोला मात्र झीज हाच मुख्य खर्च असतो आणि तोच वगळलेला असतो.

सही करण्याआधी एवढे विचारा आणि उत्तर लेखी घ्या : कोणते भाग वगळले आहेत? कमाल भरपाई किती? आपला वाटा किती? दुरुस्ती कोणत्या गॅरेजात? सर्व्हिसिंग चुकली तर करार रद्द होतो का? गाडी विकली तर तो नव्या मालकाला मिळतो का? आणि पैसे देणार कोण, विमा कंपनी की शोरूम? विमा कंपनीविरुद्ध तक्रार आयआरडीएआयकडे आणि विमा लोकपालाकडे जाते. शोरूमचा करार असेल तर दाद ग्राहक आयोगाकडे मागावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एक गोष्ट फार जपा. या कागदाची रक्कम अनेकदा गाडीच्या कर्जातच मिळवली जाते. मग वर्षभराच्या कागदावर चार-पाच वर्षे व्याज चढते. जे घर व्याजापासून दूर राहू पाहते, त्याने तरी कर्जाच्या कागदावरची प्रत्येक ओळ वाचावी.

शरीअतचा प्रश्न

फतवा देणे आमचे काम नाही. तरीही चर्चेची दिशा सांगता येईल. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८५ च्या ठरावात ठराविक हप्त्याच्या व्यापारी विम्यात मोठी अनिश्चितता, म्हणजे गरर, असल्याचे म्हटले आणि परस्पर सहकार्याच्या विम्याचा पर्याय सुचवला. मलेशियात १९८४ मध्येच तकाफुलचा कायदा झाला होता. थर्ड पार्टी विमा कायद्याची सक्ती असल्याने उलेमा त्याकडे मजबुरी म्हणून पाहतात. स्वखुशीने घेतलेल्या जादा कागदाला ती सवलत आपोआप लागू होत नाही. ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे असा देखभाल करार आणि बिघाड झाला तरच पैसे असा करार, यांतही फरक आहे. कागद घेऊन आपल्या विश्वासातल्या आलिमांना दाखवावा. नुसते नाव सांगून विचारू नये.

वीस रुपयांचा डबा

उंट बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवली जाते. ती इथे अशी पाळता येईल. गाडी धंद्याला निघेल त्या दिवशी २० रुपये वेगळे काढा. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० आणि वर्षाला ६,००० रुपये होतात, म्हणजे उदाहरणातल्या हप्त्याएवढेच. फरक इतकाच की टायर, लायनर, रंग, फी यांपैकी कशालाही ते चालतात आणि उरले तर आपलेच राहतात. डबा घरातल्या बाईच्या हाती असावा. ईदच्या खरेदीला तो उघडायचा नाही, हेही आधीच ठरवावे.

अचानक आलेला मोठा खर्च एकट्याच्या डब्यातून भागत नाही. त्यासाठी एका स्टँडवरच्या दहा-पंधरा रिक्षावाल्यांनी मिळून बिनव्याजी मदतीचा फंड उभा करावा. कर्जे हसना म्हणून रक्कम द्यावी, ती हप्त्याने परत घ्यावी. वही दोघांच्या सहीने चालावी आणि दर महिन्याला सर्वांसमोर वाचावी. बोली लावून उचलायची भिशी मात्र यात आणू नये.

आणि पासिंगच्या महिनाभर आधी गाडी ओळखीच्या मिस्त्रीकडून तपासून घ्या. महिनाभर अवधी असला की भाव विचारता येतो, काम टप्प्याने होते, एजंटच्या दारात जावे लागत नाही. लक्षात असू द्या, तपासणी ब्रेकची होते आणि त्या ब्रेकच्या भरवशावर मागच्या सीटवर कोणाची तरी मुले शाळेला जात असतात.