मशीन की डंबेल? स्नायू हा भेद करत नाही

शुक्रवार पेठेतली चिंचेची तालीम किंवा १९२४ साली सुरू झालेलं महाराष्ट्रीय मंडळ घ्या, पुण्यात शरीर कमावण्याची परंपरा जुनी आहे. जोर, बैठका, करेला (जड मुद्गल) यांवर पिढ्या घडल्या, म्हणून ‘मशीनवरचं शरीर पोकळ’ हा समज इथे पक्का रुजला. पुरावा मात्र वेगळं सांगतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १३ अभ्यास एकत्र तपासले गेले. स्नायूंच्या वाढीत मशीन आणि मोकळी वजनं (डंबेल, बार) यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ताकद मात्र ज्या प्रकारे सराव केला, त्याच प्रकारे मोजल्यावर जास्त वाढलेली दिसली. वाढीत फरक न दिसण्याचं कारण सोपं आहे: स्नायू वाढतो तो ताणामुळे, आणि तो ताण लोखंडी दांड्याने दिला की केबलने, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

‘पण स्क्वॅटमध्ये तोल सांभाळावा लागतो, जास्त स्नायू कामाला लागतात,’ असा आक्षेप येतो. खरंच आहे. पण त्यामुळेच कित्येकदा मांड्या थकण्याआधी कंबर आणि दम हार मानतात. लेग प्रेसवर पाठीला आधार असल्याने मांड्या शेवटपर्यंत राबवता येतात. उलट मशीनचा साचा प्रत्येकाच्या उंचीला बसतोच असं नाही, आणि पिन एक भोक खाली सरकवली की वजन एकदम पाच किलोने वाढू शकतं. बारवर सव्वा किलोच्या दोन चकत्या चढवून अडीच किलोने पुढे जाता येतं. पॉवरलिफ्टिंग करायचं असेल, तर मोकळ्या वजनांना पर्याय नाही. नुसते स्नायू वाढवायचे असतील, तर सांधे न दुखता ज्यावर दर महिन्याला वजन किंवा रेप्स वाढवता येतील, ते साधन निवडा.