परळच्या रक्तगटामागचं प्रथिन

चाचणीत रक्तगट ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’चंच रक्त चढवलं तर ते शरीराला सोसत नाही. हा चमत्कारिक रक्तगट मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे यांनी शोधला. १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यावर निबंध छापून आला आणि ‘बॉम्बे’ हे नाव जगभरच्या रक्तपेढ्यांत रुजलं.

याचं मूळ एका प्रथिनात आहे. पेशीत डीएनएवरून आरएनएची प्रत निघते. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरं वाचत, सेकंदाला पाच-सहा अमिनो आम्लं जोडत साखळी विणतो. यातली एक साखळी ३६५ अमिनो आम्लांची असते. ती घडी पडून विकर होते आणि तांबड्या पेशीवर फ्युकोज नावाची साखर बसवते. यातूनच ‘एच’ प्रतिजन तयार होतो. ‘ए’ आणि ‘बी’ त्याच्यावरच उभे राहतात. भारतातल्या बॉम्बे गटाच्या अनेकांत २४२व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येतं. साखळी पूर्ण लांबीची बनते, तरी विकर निकामी! मग ‘एच’ नाही, म्हणून ‘ए’-‘बी’ही नाहीत. उलट रक्तद्रवात ‘एच’विरोधी प्रतिपिंडं असतात आणि ‘ओ’च्या पेशींवर तर ‘एच’ भरपूर.

मग असं निकामी प्रथिन पेशी बदलत का नाही? एरवी पेशी खराब झालेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण लावते, प्रोटिअसोम त्यांचे तुकडे करतो आणि अमिनो आम्लं पुन्हा वापरात येतात. ही यंत्रणा सशाच्या कोवळ्या तांबड्या पेशींच्या अर्कात सापडली. तिच्या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पक्व तांबडी पेशी मात्र केंद्रक आणि रायबोसोम दोन्ही टाकून देते. तिला नवं प्रथिन बनवताच येत नाही. आहे त्या हिमोग्लोबिनवर ती सुमारे १२० दिवस काढते, मग अख्खी पेशीच बदलली जाते. अस्थिमज्जा सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी घडवते. पण जनुक तेच, त्यामुळे प्रत्येक नवी पेशीही ‘एच’विनाच जन्मते.

बॉम्बे गटाची माणसं एरवी ठणठणीत असतात. अडचण येते ती रक्त लागल्यावर, कारण त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं आणि साठवलेल्या तांबड्या पेशी जेमतेम पाच-सहा आठवडे टिकतात. म्हणून तुमचा गट ‘ओ’ असेल, तर पुढच्या रक्तदानाच्या वेळी ‘एच’ची तपासणी झाली आहे का, हे रक्तपेढीत जरूर विचारा. बॉम्बे गट निघाला तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या आणि दुर्मीळ रक्तदात्यांच्या यादीत नाव नोंदवा.