मानांकन मिळालं, मग गिऱ्हाईक का येत नाही?

आदिलाबाद डोक्रा या पितळी ओतकामाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून त्याबद्दल काही समज पक्के होऊन बसले आहेत.

गैरसमज : मानांकन मिळालं की माल आपोआप खपतो.

वस्तुस्थिती : मानांकन नाव राखतं, गिऱ्हाईक आणत नाही. १९९९च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली चेन्नईच्या कार्यालयात नोंद झाली की तेच नाव भलत्या मालाला लावणाऱ्याविरुद्ध दाद मागता येते. पण हैदराबादच्या किंवा नागपूरच्या ग्राहकाला पितळेचा एक छोटा मोर महाग का, हे त्या नोंदीतून कळत नाही. ते कारागिराने किंवा विक्रेत्याने सांगावं लागतं, आणि सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ओझा समाजातले कारागीर आधी मातीचा गाभा घडवतात. त्यावर मेणाचे बारीक दोरे गुंडाळून नक्षी उठवतात आणि वरून पुन्हा मातीचा लेप देतात. भट्टीत मेण वितळून निघून जातं. त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. वस्तू बाहेर काढायची तर साचा फोडावाच लागतो, म्हणून एका साच्यातून एकच नग निघतो. एवढं समजलेला माणूस घासाघीस कमी करतो, असं मला ठामपणे वाटतं. दुकानाच्या पाटीवर नुसतं मानांकनाचं चिन्ह छापून हे साधत नाही.

गैरसमज : डोक्रा म्हटलं की सगळं एकच.

वस्तुस्थिती : बस्तर आणि बंगालच्या डोक्र्याला स्वतंत्र मानांकनं आहेत. तिकडचा माल आदिलाबादच्या नावाने विकता येत नाही.

गैरसमज : हे काम आजच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होतं.

वस्तुस्थिती : ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. ओतकामासाठी ओळखलं जाणारं जैनूर मंडलातलं उशेगाव आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. नाव मात्र जुनंच राहिलं.

गैरसमज : गावातल्या कुठल्याही कारागिराला हे नाव हक्काने वापरता येतं.

वस्तुस्थिती : त्यासाठी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. मूळ नोंदही कायमची नसते. ती दहा वर्षांची असते आणि मुदत संपताना तिचं नूतनीकरण करावं लागतं. कारागीर संस्थांनी ही तारीख आजच वहीत लिहून ठेवावी.