पागलखान्यातली सोळा वर्षं

नागपूरचे सूफी संत ताजुद्दीन बाबा यांचे भक्त एक गोष्ट मुळीच लपवत नाहीत : बाबा पागलखान्यात होते, तेही सोळा वर्षं. १८६१ साली कामठीत जन्म, मग पलटणीतली नोकरी. सागरला असताना ते रात्र रात्र दर्ग्यात बसून राहू लागले. पुढे नोकरी सुटली आणि कामठीच्या रस्त्यांवर फिरणं सुरू झालं. १८९२ मध्ये त्यांची रवानगी नागपूरच्या पागलखान्यात झाली. तिथेही दर्शनाला रीघ लागली. १९०८ मध्ये नागपूरच्या राजघराण्यातल्या रघुजीराव भोसल्यांनी हमी देऊन त्यांना सोडवलं, शक्करदऱ्याला आपल्या वाड्यात आणलं.

वेड की साक्षात्कार? शंभर वर्षांनी निदान सांगणाऱ्यावर माझा तरी विश्वास नाही. बाबा आत होते त्याच काळात, १९०१-०२ मध्ये, विल्यम जेम्स हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडिंबरात धार्मिक अनुभवांवर व्याख्यानं देत होता. त्याच्या मते गूढानुभव आणि भ्रम मनाच्या एकाच तळघरातून वर येतात. अनुभव किती उत्कट होता, यावरून त्याची किंमत ठरत नाही. त्यानंतर माणसाचं जगणं कसं झालं, ते पाहायचं.

अनुभवानंतरचं जगणं असं तपासायचा एक प्रयत्न २००६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने प्रसिद्ध केला. ३६ निरोगी माणसांना सायलोसायबिन हे भास घडवणारं द्रव्य दिलं. दोन महिन्यांनी सुमारे दोन तृतीयांश जणांनी तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाचांत धरला. बातम्यांत एवढंच येतं. सुमारे एक तृतीयांश जणांना त्या वेळी जबर भीतीही वाटली होती. मात्र सगळ्यांची आधी तयारी करून घेतली होती, आणि शेवटपर्यंत ओळखीचा माणूस शेजारी बसून होता.

मला यातला शेजारचा माणूस महत्त्वाचा वाटतो. बाबांना स्वतःला सुख मिळालं का, हे चरित्रांतून कळत नाही. पण त्यांना जेवू घालणारे, सांभाळणारे १७ ऑगस्ट १९२५ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत होते. झोप उडालेल्या, आवाज ऐकू येणाऱ्या मुलाला ताजबागेत, बाबांच्या दर्ग्यात, जरूर न्या. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र बंद करू नका. नागपूरचं मनोरुग्णालय आजही चालू आहे. बऱ्या झालेल्यांनाही घरचे न्यायला येत नाहीत, म्हणून राज्यातल्या अशा रुग्णालयांत वर्षानुवर्षं राहिलेली माणसं आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यांच्यासाठी वस्तीतच निवाऱ्याची सोय करायला सांगितलं आहे. त्यांची हमी घ्यायला कुणी रघुजीराव येत नाहीत.