खड्डा करतो चुगली

दोन वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता आमच्या छोट्या गाडीला एक खोड लागली. सपाट रस्त्यावर ती शहाण्यासारखी चालायची. पण गतिरोधक किंवा खड्डा आला, की "खट्" असा आवाज यायचा, स्टिअरिंग हातात हिसका द्यायचं आणि गाडी वीतभर डावीकडे सरकायची. मी गॅरेजमध्ये जाऊन रुबाबात सांगितलं, "अलाइनमेंट करून टाका." त्यांनी करून दिली. आठवड्याने पुन्हा तेच. तीन महिन्यांत तीनदा अलाइनमेंट झाली, पुढचे दोन्ही टायर नवे झाले, हिसका मात्र होता तिथेच राहिला. यात गॅरेजवाल्यांचा दोष नव्हता. मी जे मागितलं, ते त्यांनी दिलं.

शेवटी शेजाऱ्यांनी एका वयस्कर मेस्त्रींकडे पाठवलं. मी तिथेही सुरुवात केली, "चाचा, अलाइनमेंट..." त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "साहेब, औषधाचं नाव नको. दुखतं कुठं आणि कधी, तेवढं सांगा."

त्या दिवशी मी जे शिकलो, ते तुम्हाला सांगतो.

आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा खाली दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकते. तिच्या दोन टोकांना टाय रॉड असतात. ते चाकांना वळवतात. चाकाला खालून धरून ठेवतो लोअर आर्म, बॉल जॉइंटच्या आधाराने. वरून धरतो शॉकॲब्सॉर्बर. या सगळ्या सांध्यांमधला एखादा झिजला, तरी गुळगुळीत रस्त्यावर ते कळत नाही. कारण तिथे जोर एकाच बाजूने येत असतो आणि ढिला सांधा त्या बाजूला टेकून गप्प बसतो. खड्ड्यात जोराची दिशा क्षणात उलटते. सांधा या टोकाहून त्या टोकाला आपटतो, आवाज होतो, चाक किंचित वळतं. आपण खड्ड्याला शिव्या देतो. तो बिचारा आतल्या दुखण्याची चुगली करत असतो.

दुसरं एक कारण असतं. झोपाळ्याच्या साखळ्या सारख्या लांबीच्या असतील तर फळी सरळ वरखाली होते. एक आखूड झाली की फळी पिळवटते. चाक वर उचललं जातं तेव्हा लोअर आर्म आणि टाय रॉड, दोघेही आपापल्या कमानीत फिरतात. कमानी जुळल्या तर चाक सरळ राहतं. आर्म वाकला असेल, किंवा हौसेने गाडी उंच करून घेतली असेल, तर त्या जुळत नाहीत. मग आवाज न होताही प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळतं.

म्हणून आधी लक्षण ओळखायचं. सपाट रस्त्यावरही ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर संशय व्हील बॅलन्सिंगवर किंवा वाकलेल्या रिमवर. खड्ड्यानंतर गाडी होडीसारखी डुलत राहिली, तर शॉकॲब्सॉर्बरवर. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल, तर जाम झालेल्या सांध्यावर किंवा शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बेअरिंगवर. आणि खड्ड्यात "खट्" होऊन हिसका बसत असेल, तर टाय रॉडचं टोक, बॉल जॉइंट किंवा आर्मचा बुश.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे करावी. आधी चाकांचे नट घट्ट आहेत का, ते पाहा. टायर थंड असताना हवा मोजा. किती हवी ते बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरच्या कडेला फुगवटा आहे का, तेही बघा. मग गाडीचा पुढचा कोपरा जोराने दाबून सोडा. एक-दोन हेलकाव्यांत ती थांबली पाहिजे.

पुढची परीक्षा दोघांची. चाचांनी मला आत बसवलं, इंजिन सुरू ठेवून स्टिअरिंग जरासं डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं, आणि स्वतः एकेका सांध्यावर बोट ठेवत गेले. ढिला सांधा बोटाला कळतो. मग चाक जॅकवर उचललं. घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यावर चाक हललं, तर बहुधा टाय रॉड. बारा आणि सहाच्या जागी हललं, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. एक पथ्य मात्र कडक आहे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये, खाली पक्का आधार हवाच.

पाट्यांवरच्या जुन्या जीपची तऱ्हा वेगळी. पुढची दोन्ही चाकं एकाच अॅक्सलवर असल्याने एकाचा हिसका दुसऱ्याला पोहोचतो. किंगपिन किंवा पाट्यांचे बुश झिजले असतील, तर एका खड्ड्यानंतर दोन्ही चाकं थडथडू लागतात आणि वेग उतरेपर्यंत थांबत नाहीत. अशा वेळी करकचून ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग घट्ट धरून पाय हळूहळू काढावा.

आमच्या गाडीचं चाक बारा-सहाला हललं. डाव्या बॉल जॉइंटची रबरी टोपी फाटली होती, ग्रीस वाहून गेलं होतं, आत पाणी आणि रेती. चाचांनी तो काढून माझ्या हातात दिला. खुळखुळ्यासारखा वाजत होता. हा सांधा निसटला की चाक आडवं पडतं, मग स्टिअरिंग कितीही फिरवा. आदल्याच रविवारी मी बायको आणि मुलीला घेऊन घाट उतरलो होतो.

सांधा बदलला आणि त्यानंतर चाचांनी अलाइनमेंट करायला सांगितली. तिची जागा शेवटी असते. सांधे ढिले ठेवून केलेलं मोजमाप पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतं.

आणि खड्डे काही कमी होणार नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटरने सहज ओलांडता येईल असा. आपल्या गल्लीतला एकदा मोजून बघा. सांधे एवढ्या लवकर का झिजतात ते कळेल.

तेव्हा गाडीने हिसका दिला तर दोन गोष्टी करा. तो दुर्लक्षून लांबच्या प्रवासाला निघू नका. आणि मेस्त्रीकडे गेल्यावर काय बदलायचं ते सांगू नका. काय होतं, कधी होतं आणि कुठल्या बाजूला होतं, तेवढंच सांगा. मी हे पहिल्याच दिवशी केलं असतं, तर दोन टायरचे पैसे वाचले असते. घाट उतरलो त्या रविवारचा विचार मात्र मी अजूनही टाळतो.